जुन्या सुती साडीचा कळीदार कुर्ता: बेतण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

बोहारणीच्या गाठोड्यात टाकण्याआधी सुती साडी एकदा उजेडात धरून पाहावी. साडी सगळीकडून सारखी विरत नाही. टाचेला घासणारा खालचा काठ, निऱ्या खोचतो तो पट्टा, बसताना ताण पडणारा मागचा भाग आणि पिना लावून लावून भोकं पडलेली खांद्यावरची जागा, एवढंच आधी जातं. बाकीचं कापड पुष्कळदा अजून धड असतं, आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने इतकं मऊ झालेलं असतं की नवं कापड त्याच्यापुढे टोचतं.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब असते. खाली दिलेल्या बेताला त्यातले फक्त ७३ इंच लागतात. म्हणजे फाटका भाग वगळून मधलं चांगलं कापड निवडायला भरपूर वाव आहे. नऊवारी असेल तर दोन कुर्ते सहज निघतात.

कळीदार कुर्ताच का? कारण तो जवळजवळ सगळा सरळ रेघांचा आहे. मधला पट्टा, दोन्ही बाजूंना कळ्या (वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणारे तुकडे), चौकोनी बाह्या आणि काखेत एक चौकोनी तुकडा. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, गोलाई नाही, छातीच्या प्लीटा नाहीत. वळणदार असा एकच भाग, तो गळा. शिवणकाम नुकतंच हातात घेतलेल्या माणसाला मुंढा जितका छळतो तितकं दुसरं काही छळत नाही, आणि इथे तो नाहीच. शिवाय साडीला दोन्ही कडांना तयार काठ आहे. कापड आडवं धरून बेतलं, म्हणजे साडीचा पन्हा (रुंदी) ही कुर्त्याची उंची धरली, तर काठ आपोआप घेरावर आणि बाह्यांच्या टोकाला येतो. काठाची किनार विणतानाच बंद झालेली असते, तिला दशा सुटत नाहीत, त्यामुळे घेर दुमडून शिवायचं कामच उरत नाही.

एखादे शिंपीकाका म्हणतील की उभा धागा नेहमी उभाच राहिला पाहिजे. नव्या, अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांत ते खरं आहे. सैल सुती कुर्त्यात आडवा धागा उभा आला म्हणून काही बिघडत नाही.

कोणती साडी घ्यावी, कोणती सोडावी

साधी हातमागाची सुती साडी सगळ्यात सोपी. नारायणपेठ, इरकल, मंगळगिरी, किंवा रोजच्या वापरातली कुठलीही सुती साडी चालेल. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून आधी उभं आणि मग आडवं हलकेच ताणा. धागे बाजूला सरकून फट पडली, म्हणजेच कापड फसकलं, तर तो भाग अंगावर टिकणार नाही. त्याची जागा गोधडीत. खिडकीसमोर धरल्यावर जाळी दिसते त्या जागांभोवती खडूने गोल करून ठेवा.

इरकलीच्या बाबतीत एक जपायचं. तिचा टोपपदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे अडकवून जोडलेला असतो. त्या जोडावरून कात्री चालवू नका. दोन इंच अंगाच्या बाजूला सरकून कापा. पदर बहुधा रेशमी आणि अंग सुती, त्यामुळे दोन्ही एकाच कुर्त्यात मिसळण्यापेक्षा पदर वेगळा ठेवलेला बरा.

रेशमी साडीच्या वाटेला पहिल्या खेपेला जाऊ नये. जुनं रेशीम घडीवर चिरतं, सुई टोचली की तिथेच फाटायला लागतं, आणि उसवलं तर सुईची भोकं कायमची राहतात. धडधाकट पैठणी कापायचा विचार तर मुळीच नको. ती नेसावी किंवा नेसणारीला द्यावी.

कात्रीच्या आधीची कामं

फॉल उसवा. काठाच्या आतल्या बाजूला हातशिलाईचे टाके असतात. दर पाच-सहा इंचांवर एक टाका कापून दोरा ओढला की पट्टी सुटून येते. जोर लावून ओढू नका, काठाजवळचं कापड तिथेच फाटतं. निघालेला फॉल ठेवून द्या, पुढे उपयोगी पडेल.

मग साडी कोमट पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढून टाका. खळ असलेलं कापड मापात फसवतं, आणि शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात कुर्ता लुळा पडतो. रंग जातो का हे पाहायला काठावर ओलं पांढरं फडकं घासा. लाल आणि काळा काठ पुष्कळदा दगा देतो. रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत साडी वेगळी धुवा. मीठ टाकलं की रंग पक्का होतो यावर फार विसंबू नका.

दमट असतानाच इस्त्री करा. इस्त्री काठाला समांतर फिरवावी, तिरकी ओढली तर कापड तिरकं ताणलं जातं आणि सगळी मापं चुकतात.

मापं

अंगावरून माप घेण्यापेक्षा आपल्याला नीट बसणारा एखादा सैल कुर्ता जमिनीवर पसरून मोजा. खालचा बेत छाती ३६ इंच असलेल्या व्यक्तीसाठी, ४५ इंच पन्ह्याच्या साडीवर आहे. सगळीकडे अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, धरली आहे. नव्या कापडाला त्याहून कमी पुरते, पण जुन्या कापडाला अर्ध्या इंचाहून कमी माया ठेवली तर शिवणीवर फसकतं.

कापायची मापं अशी:

- मधले पट्टे २ (पुढचा आणि मागचा): रुंदी १५ इंच
- कळ्यांसाठी पट्ट्या २: रुंदी प्रत्येकी १३ इंच, एका पट्टीतून दोन कळ्या
- बाह्यांसाठी पट्टी १: रुंदी १७ इंच, तिच्यातून दोन्ही बाह्या
- काखेतले चौकोन २: साडेचार बाय साडेचार इंच, बाह्यांच्या पट्टीतून उरलेल्या कापडाचे

बेरीज: १५ + १५ + १३ + १३ + १७ = ७३ इंच.

छातीचा हिशेब पाहा. मधला पट्टा माया जाऊन १४ इंच राहतो. दोन्ही बाजूंना कळीचं वरचं टोक माया जाऊन साडेतीन इंच. म्हणजे पुढून २१ आणि मागून २१, एकूण ४२. छत्तीसच्या छातीला सहा इंच सैल. छाती ४० असेल तर मधला पट्टा १६ इंच घ्या, काखेतला चौकोन ५ इंचांचा करा आणि कळ्यांच्या पट्ट्या १४ इंचांच्या. मग तयार छाती ४६ येते.

बेतणं

कापडाच्या दुकानात ताग्याला कात्रीने एक चीर देऊन टर्रकन फाडतात, कारण सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटतं. जुन्या साडीला तो झटका सोसवत नाही. त्याऐवजी काठाला छोटी चीर द्या, टाचणीने आडवा एक धागा उचला आणि हळूहळू ओढा. कापडात एक बारीक रेघ उमटेल. तिच्यावरून कात्री चालवा. धागा मधेच तुटला तर रेघ जिथे संपली तिथून पुन्हा उचला. पाचही पट्ट्या अशाच काढा. वेळ लागतो, पण नंतर कुर्ता एका बाजूला झुकत नाही.

मधल्या दोन पट्ट्यांचा वरचा काठ कापून टाका. तो दोन इंचांचा असेल तर पट्टा ४३ इंच उरेल आणि कुर्त्याची तयार उंची साडेबेचाळीस येईल. कुठला काठ खाली ठेवायचा? नेसताना कमरेकडे राहणारा काठ बहुधा जास्त ताजा असतो, कारण तो जमिनीला कधी लागत नाही आणि त्याला फॉलचे टाकेही नसतात. घेरासाठी तोच घ्या. कापलेल्या काठाच्या पट्ट्या बाजूला ठेवा.

आता कळ्या. १३ इंचांची पट्टी समोर पसरा, एक काठ वर, एक खाली. वरच्या काठावर डावीकडून ३ इंचांवर खूण करा, खालच्या काठावर डावीकडून १० इंचांवर. दोन्ही खुणा सरळ रेघेने जोडा आणि कापा. दोन कळ्या निघतील: एक खाली रुंद, दुसरी वर रुंद. दुसरी उलटी फिरवली की तिच्याही रुंद टोकाला काठ आहेच. साडीला दोन काठ असल्याचा फायदा इथे खरा कळतो. नंतर प्रत्येक कळीच्या रुंद टोकापासून ३५ इंच मोजून वरचा अरुंद भाग छाटा. तिथे कळीची रुंदी जवळपास साडेचार इंच भरते, म्हणजे काखेतल्या चौकोनाच्या बाजूइतकी. पन्हा कमीजास्त असेल तर एवढंच लक्षात ठेवा: कळीची उंची मधल्या पट्ट्याच्या उंचीपेक्षा ८ इंच कमी.

एका पट्टीतल्या दोन्ही कळ्या एकाच बाजूच्या असतात. कापडाला सुलट-उलट नसेल तर हरकत नाही, पालटून घेता येतात. छापील साडी असेल तर दुसऱ्या पट्टीवर खुणा उजवीकडून करा, म्हणजे रेघ उलट्या दिशेने उतरेल आणि डाव्या-उजव्या अशा जोड्या मिळतील. साडीवर एका दिशेच्या कोयऱ्या किंवा मोर असतील तर निम्म्या कळ्यांत ते उलटे दिसतील. ज्याला खपतं त्याने करावं. बारीक बुट्ट्यांत कळतही नाही. गंगा-जमुना काठाची साडी असेल तर पुढच्या भागाला एका रंगाचा काठ आणि मागच्या भागाला दुसऱ्या रंगाचा घ्या. प्रत्येक पट्टीतून दोन्ही रंगांची एकेक कळी निघते, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो.

बाह्यांच्या पट्टीतून वरच्या काठापासून साडेसोळा इंच एक बाही आणि खालच्या काठापासून साडेसोळा इंच दुसरी. मधे १२ बाय १७ चा तुकडा उरतो. त्यातून काखेचे दोन चौकोन काढा. राहिलेल्यातून साडेसात बाय सतराची पट्टी निघते, ती मधोमध दुमडली की एका खिशाची पिशवी झाली. कुर्त्याला खिसा हवाच.

मशीनची तयारी

मऊ, पातळ साडीला ११ नंबरची सुई, जाड हातमागाला १४. सुई नवी घाला. बोथट सुई जुन्या कापडात धागे ओढत जाते. टाका अडीच मिलिमीटरचा ठेवा, जुन्या काळ्या मशीनवर इंचाला दहा ते बारा टाके पडतील असा. दोरा सुती घ्या. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा मजबूत असतो, आणि ताण आला की दोरा राहतो अन् कापड कापलं जातं.

मग उरलेल्या तुकड्यावर टीप मारून पाहा. खालून दोऱ्याचं जंजाळ होत असेल तर आपण बॉबिनला दोष देतो, पण चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. टिपेच्या सुरुवातीला मऊ कापड मशीनच्या भोकात ओढलं जात असेल तर खाली साध्या कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा.

शिवायचा क्रम

पहिल्यांदा खांदे. पुढचा आणि मागचा मधला पट्टा सुलट बाजू आत घेऊन वरच्या कडेला जोडा. बाहेरच्या टोकाकडे टीप पाऊण इंच उतरती घेतली तर खांदा चांगला बसतो. सगळा भार खांद्यावर येतो, म्हणून शिवणीबरोबर फॉलची अरुंद पट्टी आतून धरून शिवा.

मग गळा. मध्यापासून दोन्हीकडे ३ इंच, मागे १ इंच आणि पुढे ६ इंच खोल अशी खूण करा. कापण्याआधी खुणेच्या बाहेर पाव इंचावर एक टीप मारून घ्या, त्याने गोलाई ताणली जात नाही. मग कापा आणि डोकं आत जातं का पाहा. गळा नेहमी लहान कापावा. मोठा करता येतो, लहान होत नाही. साडीच्या उरलेल्या भागातून ४५ अंशांत दीड इंच रुंद तिरकी पट्टी कापा, गळ्याला सुलट बाजूने जोडा, मायेला जागोजागी बारीक चिरा द्या, पट्टी आत वळवून हातशिलाई करा. पट्टी लावताना गोलाईवर ती किंचित ताणून धरा, नाहीतर गळा उभा राहतो.

आता बाह्या. बाहीच्या काठाविना कडेचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवा. मधल्या पट्ट्याच्या कडेला ती दोन्हीकडे खांद्यापासून ८ इंच खाली येईल. टीप दोन्ही टोकांना कडेच्या अर्धा इंच अलीकडे थांबवा. मागेपुढे टाके घालण्याऐवजी दोऱ्याच्या शेवटांना हाताने गाठ मारा.

काखेतला चौकोन हीच यातली जरा अवघड जागा, म्हणून ती सावकाश. चौकोनाचे चार कोपरे असे समजा: पहिला पुढच्या बाजूला, जिथे मधला पट्टा, बाही आणि कळी एकत्र येतात, दुसरा बाहीच्या खालच्या शिवणीत, तिसरा मागच्या बाजूला, पहिल्यासमोर, चौथा कुशीच्या शिवणीच्या वरच्या टोकाला. आधी पुढच्या कळीचं अरुंद टोक चौकोनाच्या चौथ्या ते पहिल्या कोपऱ्यामधल्या बाजूला जोडा. मग पुढची कळी मधल्या पट्ट्याला जोडा, आणि चौकोनाची पहिल्या ते दुसऱ्या कोपऱ्यामधली बाजू बाहीच्या खालच्या कडेला. मागच्या भागात तसंच: मागच्या कळीचं टोक तिसऱ्या ते चौथ्या कोपऱ्याला, कळी मागच्या मधल्या पट्ट्याला, आणि बाहीची मागची कडा दुसऱ्या ते तिसऱ्या कोपऱ्याला. प्रत्येक कोपऱ्यात टीप अर्धा इंच अलीकडे थांबली पाहिजे. एक टीप पुढे गेली की तिथे चुणी पडते आणि ती इस्त्रीने जात नाही. पहिल्यांदाच करत असाल तर मशीनवर न्यायच्या आधी चारही बाजू हाताने धावदोऱ्याने टाचून घ्या.

कळी मधल्या पट्ट्याला जोडताना तिची तिरकी कडा पट्ट्याच्या सरळ कडेला आली पाहिजे. तिरकी कडा ताणते, सरळ कडा तिला धरून ठेवते. पिना खालून वर लावा: आधी काठाला काठ जुळवा आणि मग वर जा. तिरकी कडा सरळ कडेपेक्षा थोडी लांब असते. जे जास्त उरेल ते वर काखेकडे जाऊ द्या आणि कळीला चौकोन जोडण्याआधीच तिथे छाटा. वरून पिना लावत आलात तर ती वाढ खाली काठावर येईल आणि घेरात काठ पायरीसारखा तुटेल.

या लांब शिवणी चपट्या करा. जोडलेल्या मायेतला एक पदर अर्धा छाटा, दुसरा त्याच्यावरून दुमडा, दोन्ही मधल्या पट्ट्याकडे दाबून कडेने दुसरी टीप मारा. दशा आत कोंडल्या जातात आणि जुन्या कापडाला दुहेरी आधार मिळतो.

शेवटी कुशी आणि बाह्या. चौथ्या कोपऱ्यापासून खाली घेरापर्यंत दोन्ही कळ्यांच्या सरळ कडा जोडा. उजव्या बाजूला कमरेखाली खिशाची पिशवी शिवणीत घ्या. बाहीची टीप दुसऱ्या कोपऱ्यापासून मनगटाकडे तिरकी उतरवा, म्हणजे टोकाला दुमडलेली बाही ६ इंच रुंद राहील. या दोन शिवणींना चपटी टीप मारायला बाहीत हात जात नाही, तेव्हा कडा हाताने तिरक्या टाक्यांनी बंद करा किंवा शेजारच्या शिंप्याकडून ओव्हरलॉक करून आणा. घेर तयार ६४ इंचांचा होतो, त्यामुळे कुशीला चिरा ठेवायची गरज नाही. काठ आधीच बंद आहे. शिवणींची टोकं तेवढी आत वळवून दोन टाक्यांनी अडकवा.

जे उरतं त्याचं

मधल्या पट्ट्यांवरून कापलेल्या काठाच्या पट्ट्या गळ्याला किंवा खिशाच्या तोंडाला बाहेरून लावता येतात. पदर न कापता ओढणी म्हणून ठेवा. दोन्ही कडांना काठ आहेच, आडव्या टोकांना फक्त बारीक दुमड लागेल.

फसकलेलं कापड गोधडीसाठी. विरलेले तुकडे मधल्या थरांत आणि धड तुकडे वर-खाली घ्या, बोटभर अंतरावर धावदोरा. कडेकडून सुरुवात करून गोल गोल आत जायचं, म्हणजे थर सरकत नाहीत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची कवंडी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच कडेने शिवत आत जातात आणि कोपऱ्यांना रंगीत तुकड्यांची फुलं लावतात. गोधडीला पॉलिएस्टर मिसळलेली साडी घालू नका, थंडीत ती गार लागते.

कुर्ता पहिल्या दोन-तीन वेळा हाताने, गार पाण्यात, उलटा करून धुवा. पिळू नका. वाळत घालताना खांद्यावर न टांगता दोरीवर मधोमध टाका. पहिल्या धुण्यानंतर काखेतल्या चौकोनाचे चारही कोपरे आतून तपासा. कुठे टाका ओढलेला दिसला तर तिथे आतून फॉलचा छोटा तुकडा ठेवून हाताने चार टाके घाला.